वायरलेस सेट डिजिटल घ्यावेत की ॲनालॉगच ठेवावेत? गोव्यातील आपत्कालीन पथकासाठी सविस्तर उत्तर

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : सत्तरी आणि डिचोली तालुक्यांत धावणाऱ्या आपल्या आपत्कालीन पथकाकडे सुमारे चाळीस जुने ॲनालॉग व्हीएचएफ हँडसेट, गाड्यांमध्ये बसवलेले सहा सेट आणि टेकडीवर एक रिपीटर, म्हणजे दूरचा क्षीण सिग्नल पकडून तो जोरात पुन्हा पाठवणारे यंत्र आहे. सेट आता दुरुस्तीपलीकडे गेले आहेत. पुरवठादार सर्व काही डिजिटल करण्याचा आग्रह धरतो आहे, पथकातले जुने जवान मात्र आहे तेच पुन्हा घ्या म्हणतात, आणि मंजूर झालेली रक्कम एकदाच खर्च करता येणार आहे. मी गोव्यात तीस वर्षांहून अधिक काळ बिनतारी यंत्रणेच्या उभारणीचे आणि देखभालीचे काम केले आहे, आणि हा प्रश्न वेगवेगळ्या टेबलांवर अनेकदा माझ्यासमोर आला आहे.

माझे मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना ते तपासून घेता येईल. दोन्ही पद्धतींत चालणारे सेट घ्यावेत, रिपीटरवरून होणारे रोजचे बोलणे डिजिटल करावे, पण घटनास्थळी जवान एकमेकांशी ज्या चॅनलवर थेट, म्हणजे रिपीटरशिवाय बोलतात, ते चॅनल ॲनालॉगच ठेवावे. आणि हेही माझ्या शब्दावर ठरवू नये; आपल्याच डोंगरात, आपल्याच पंपाशेजारी घेतलेल्या चाचणीवर ठरवावे. पुरवठादार आणि जुने जवान या दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, मात्र दोघे वेगवेगळ्या जागी उभे राहून बोलत आहेत. एकाच्या डोळ्यांसमोर नियंत्रण कक्ष आहे, दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर धूर आहे.

मूळ फरक समजून घेतला की बाकीचे बरेचसे आपोआप उलगडते. ॲनालॉग एफएम सेटमध्ये माइकवर पडलेला आवाज जसाच्या तसा लहरीवर चढतो. सिग्नल क्षीण होत गेला की खरखर वाढत जाते, शब्द तिच्यात बुडू लागतात, पण सरावलेला कान बराच वेळ त्यातून अर्थ काढत राहतो. डिजिटल सेट आवाज पाठवत नाही, आवाजाचे वर्णन पाठवतो. सेटमधला व्होकोडर बोलणे २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापतो, प्रत्येक तुकड्यात स्वर किती, घर्षण किती, पट्टी कोणती हे आकड्यांत मांडतो, त्यात चूक-दुरुस्तीचे आकडे मिसळतो आणि पाठवतो. पलीकडचा सेट त्या वर्णनावरून आवाज नव्याने घडवतो. डीएमआर या डिजिटल सेटांच्या प्रचलित पद्धतीत या सगळ्यासाठी सेकंदाला केवळ ३,६०० बिट मिळतात आणि त्यांतलेही १,१५० चूक-दुरुस्तीत जातात. म्हणून सिग्नल पुरेसा असेपर्यंत डिजिटल आवाज खरखरीविना स्वच्छ येतो, आणि पुरेसा नसला की तुटक, यांत्रिक होऊन थोड्याच अंतरात पूर्ण बंद पडतो. मधली अवस्था फार अरुंद असते.

हा फरक मी अनेक वर्षे कागदावर समजावून सांगत होतो, पण तो मला अंगाने कळला तो केरीच्या पुढे, चोर्ला घाटाच्या पायथ्याच्या एका ओहोळात. आम्ही दोघे दोन-दोन सेट घेऊन उतरत होतो, एक ॲनालॉग आणि एक डिजिटल, दोन्हींची शक्ती आणि अँटेना सारखीच. वरच्या वळणावरचा माणूस दर मिनिटाला एक आकडा वाचत होता. पहिले बरेच अंतर डिजिटल सेट इतका स्वच्छ होता की ॲनालॉग सेट बंदच करावा असे वाटले. तिथे ॲनालॉगवर खरखर होती आणि दोन आकडे मला पुन्हा विचारावे लागले होते. मग ओहोळाने वळण घेतले, मधे कातळाची धार आली आणि पन्नासएक पावलांत डिजिटल सेट मुका झाला. शेवटचा आकडा अर्धा आला, पुढचा आलाच नाही. ॲनालॉगवर मात्र खरखरीच्या तळाशी वरच्या माणसाचा आवाज अजून होता. शब्द कळत नव्हते, पण तो बोलतो आहे, हे कळत होते. आणि चार पावले मागे येऊन सेट डोक्यावर धरला की आकडाही कळत होता. जंगलात हरवलेल्या माणसाचा शोध घेताना किंवा वणव्यात दोन तुकड्यांची चुकामूक झालेली असताना ‘कोणीतरी बोलते आहे’ एवढे कळणेसुद्धा मोलाचे असते, कारण ते कळलेला माणूस जागा बदलतो. संपूर्ण शांतता ऐकणारा माणूस पलीकडे सगळे ठीक आहे असे धरून चालतो.

इथे एक गैरसमज दूर करतो. ‘डिजिटलचा पल्ला कमी’ असे जुने जवान म्हणतात, ते सरसकट खरे नाही. ‘एकदाही पुन्हा न विचारता कळले पाहिजे’ ही कसोटी लावली, तर डिजिटलचा उपयुक्त पल्ला बहुधा ॲनालॉगच्या बरोबरीचा किंवा थोडा जास्तच भरतो. फरक आहे तो पल्ला संपताना काय होते यात, आणि तो संपत आल्याची आगाऊ सूचना कानाला मिळते की नाही यात. ॲनालॉग ही सूचना देत राहतो. डिजिटल ती देत नाही, म्हणून डिजिटल घेतल्यास जवानांना ती दुसऱ्या मार्गाने द्यावी लागते : रिपीटरशी संपर्क तुटताच वाजणारी खूण सेटमध्ये चालू करून, आणि ती ऐकल्यावर काय करायचे ते शिकवून.

आता गोंगाटाकडे येतो, कारण अग्निशमनाच्या कामात पल्ल्यापेक्षाही हा मुद्दा निर्णायक ठरतो. व्होकोडर मानवी स्वराच्या नमुन्यावर बेतलेला असतो. त्याच्यासमोर पंपाची घरघर, चेन सॉ, श्वसनयंत्रातील हवा संपत आल्याची शिट्टी आणि माणसाचा आवाज एकत्र आले की तो सगळ्याचेच ‘बोलणे’ म्हणून वर्णन करायला जातो आणि पलीकडे निघतो तो एक बुडबुडता, अर्थहीन ध्वनी. ॲनालॉग सेट गोंगाट आणि शब्द दोन्ही पाठवतो; त्यांना वेगळे करण्याचे काम ऐकणाऱ्याचा मेंदू करतो, आणि त्या कामात तो यंत्रापेक्षा फार जुना आणि तरबेज आहे.

ही केवळ गोव्यातल्या एका तंत्रज्ञाची समजूत नाही. २००१ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाने नवे डिजिटल हँडसेट वापरात आणले आणि काही दिवसांतच मागे घेतले, कारण क्वीन्स भागातल्या एका आगीत अडचणीत सापडलेल्या जवानाची मदतीची हाक घटनास्थळावरच्या सहकाऱ्यांना ऐकू गेली नव्हती. पुरेशी मैदानी चाचणी न घेता सेट जवानांच्या हाती दिले, ही त्यावरची मुख्य टीका होती. पुढे २००८ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार प्रशासनाच्या प्रयोगशाळेने आगीच्या ठिकाणच्या गोंगाटात शब्द किती कळतात याची पद्धतशीर चाचणी घेतली. काही प्रकारच्या गोंगाटात ॲनालॉगवरचे शब्द स्पष्टपणे अधिक कळत होते आणि सर्वांत वाईट गोंगाटात कोणतीच पद्धत पुरी पडत नव्हती. त्या वर्षानंतर व्होकोडर सुधारले आहेत, दोन माइक लावून गोंगाट वजा करणारे सेट आले आहेत, आणि त्यांतले काही मी स्वतः वापरून पाहिले आहेत. सुधारणा खरी आहे. तरीही माइक तोंडाजवळ धरला आहे की मुखवट्याच्या काचेवर दाबला आहे, यावर निकाल पूर्ण पालटतो. म्हणून माहितीपत्रकातल्या ‘गोंगाटरोधक’ या शब्दावर विसंबू नये.

आपल्याकडे यात आणखी एक अडचण आहे आणि ती बाहेरून आलेल्या पुरवठादाराच्या ध्यानात येत नाही. गोव्यात केरी एक नाही. पेडण्यात केरी आहे, सत्तरीत केरी आहे, फोंड्यातही केरी आहे. बेतोडा, बेतूल आणि बेताळभाटी ही तीन गावे तीन दिशांना आहेत आणि त्यांच्या नावांची सुरुवात एकच आहे. शिरोडा आणि शिरगाव यांचेही तसेच. डिजिटल आवाज तुटतो तेव्हा बहुधा शब्दाचा पहिला किंवा शेवटचा तुकडा गळतो; बटन दाबल्याबरोबर, परवानगीची ‘टिंग’ ऐकण्याआधीच बोलायला सुरुवात केली तर पहिले अक्षर हमखास जाते. बंब कोणत्या केरीला निघाला हे त्या एका अक्षरावर किंवा न उच्चारलेल्या तालुक्याच्या नावावर अवलंबून असू शकते. यंत्र कोणतेही घ्या, ‘गावाआधी तालुका आणि बटन दाबून एक श्वास थांबून मग बोलणे’ हा नियम पहिल्या दिवसापासून लावा.

एवढे सांगितल्यावर मी डिजिटलच्या विरोधात आहे असे वाटू शकेल, तसे नाही. रोजच्या कामात डिजिटल जे देते ते मोठे आहे. डीएमआर हे युरोपीय मानक २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात १२.५ किलोहर्ट्झच्या एकाच चॅनलचे ३० मिलिसेकंदांचे दोन आळीपाळीचे कप्पे पाडलेले असतात, त्यामुळे एकाच रिपीटरवर आणि एकाच फ्रिक्वेन्सीच्या जोडीवर दोन स्वतंत्र संभाषणे चालतात. आपल्यासारख्या पथकाला याचा अर्थ असा की एका कप्प्यावर नियंत्रण कक्ष आणि गाड्या, दुसऱ्यावर साहित्य, रुग्णवाहिका आणि पंचायतींशी समन्वय. जत्रेच्या किंवा जुन्या गोव्याच्या फेस्ताच्या दिवशी सगळे एकाच चॅनलवर एकमेकांवर बोलतात, तेव्हा दोन ॲनालॉग सेट एकाच वेळी दाबले गेल्यावर उठणारी ती कर्कश शिट्टी आपण ऐकली असेलच. डिजिटल रिपीटर दुसऱ्याला थांबवून ठेवतो. शिवाय कोण बोलतो आहे त्याचा क्रमांक पडद्यावर येतो, आपत्कालीन बटन दाबले की तो क्रमांक नियंत्रण कक्षात लाल होतो, उपग्रहावरून जागा कळते, हरवलेला सेट दुरून बंद करता येतो, आणि प्रक्षेपक निम्माच वेळ चालू असल्यामुळे बॅटरी स्पष्टपणे जास्त टिकते. रात्रभर चाललेल्या शोधात ही शेवटची गोष्ट बाकी सगळ्यांपेक्षा उपयोगी पडते, असे मी जवानांकडूनच ऐकले आहे.

पोलिसांसाठी याच्या जोडीला सांकेतीकरणाचा, म्हणजे ज्याच्या सेटमध्ये ठरलेली किल्ली (गुप्त आकडा) आहे त्यालाच बोलणे कळावे या सोयीचा मुद्दा येतो. तक्रारदार महिलेचा पत्ता किंवा छाप्याची जागा उघड्या ॲनालॉग चॅनलवर जाणे आज समर्थनीय नाही; पोलीस दलाने या एका कारणासाठीसुद्धा डिजिटलकडे जावे असे मला वाटते. मात्र स्वस्त सेटमधली ‘बेसिक प्रायव्हसी’ म्हणजे सुरक्षितता नव्हे, एईएस या प्रमाणित पद्धतीचे, किमान २५६ बिटांच्या किल्लीचे सांकेतीकरण मागावे. २०२३ मध्ये युरोपातील पोलीस वापरतात त्या टेट्रा या डिजिटल बिनतारी पद्धतीच्या एका सांकेतिक प्रकारात किल्लीची लांबी प्रत्यक्षात ३२ बिटांवर आणून ठेवलेली असल्याचे डच संशोधकांनी उघड केले, यावरून सावधगिरी किती हवी ते कळते. आपल्या पथकाला मात्र सांकेतीकरणाची गरज मला दिसत नाही. ज्याच्या सेटमध्ये किल्ली भरायची राहिली, तो आणीबाणीत बहिरा असतो, आणि शेजारच्या दलाचा जवान आपल्या मदतीला आला तर तोही.

शेजाऱ्यांचा विषय निघाला आहे म्हणून सांगतो : कोणताही निर्णय घेण्याआधी आपल्या सीमेवर जे येतात त्यांच्याकडे काय आहे ते लेखी मागवा. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादईच्या अभयारण्यात आणि आसपासच्या जंगलांत वणवे लागले, तेव्हा वन खाते, अग्निशमन दल, गावकरी आणि पाणी टाकणारी नौदलाची व हवाई दलाची हेलिकॉप्टरे एकाच डोंगरावर होती. हेलिकॉप्टरचा नेहमीचा रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये एएम पद्धतीने चालतो. आपल्या जमिनीवरच्या सेटशी, मग तो डिजिटल असो वा ॲनालॉग, तो बोलूच शकत नाही. किनाऱ्यावरही असेच आहे. मच्छीमार ट्रॉलर आणि गस्तीच्या नौका चॅनल १६ वर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झवर एफएममध्ये ऐकतात, जगभर ऐकतात, आणि ते बदललेले नाही. म्हणून किनाऱ्यावरच्या एखाद्या पथकाने ‘आम्ही पूर्ण डिजिटल झालो’ असे म्हणून सागरी व्हीएचएफ सेट काढून टाकणे ही घोडचूक ठरेल. सर्वांशी बोलू शकणारा एकच सेट असा प्रकार नसतो; कोणाशी कोणत्या सेटवर बोलायचे याचे एक पानभर कोष्टक प्रत्येक गाडीत चिकटवलेले असावे लागते.

‘ॲनालॉग आता जगभर बंद होणार आहे’ असेही आपल्याला सांगण्यात आले आहे. अमेरिकेत १ जानेवारी २०१३ पासून व्हीएचएफ आणि त्याहून आखूड लहरींच्या यूएचएफच्या ठरावीक पट्ट्यांत २५ किलोहर्ट्झऐवजी १२.५ किलोहर्ट्झचे चॅनल सक्तीचे झाले, त्याचा हा विपर्यास आहे. ती सक्ती चॅनल अरुंद करण्याची होती, डिजिटल होण्याची नव्हती, १२.५ किलोहर्ट्झचा ॲनालॉग सेट तिथेही नियमात बसतो. मोबाईलच्या जाळ्यावर चालणाऱ्या वॉकी-टॉकी ॲपबद्दल थोडक्यात : समन्वयासाठी ते चांगले आहे, जिवावरच्या कामासाठी एकटे पुरेसे नाही. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळाने गोव्याची वीज उडवली तो दिवस आठवा. टॉवरची बॅटरी संपली की ॲपही संपते. ब्रिटनने आपल्या आपत्कालीन सेवांचे टेट्रा जाळे बदलून मोबाईल तंत्रज्ञान आणण्याची कंत्राटे २०१५ मध्ये दिली. तो बदल एव्हाना कधीच पूर्ण व्हायचा होता. त्याची मुदत पुन्हा पुन्हा पुढे गेली आहे.

आता ज्या गोष्टीबद्दल आपण विचारलेच नाही, पण जी माझ्या मते आपल्या रकमेतला पहिला वाटा मागते, तिच्याकडे वळतो. आपण ‘सेट दुरुस्तीपलीकडे गेले’ म्हणता. त्यांतले किती खरोखर सेट आहेत आणि किती अँटेना, केबल आणि बॅटरी आहेत? एका जुलैमध्ये एका रिपीटरचा पल्ला निम्म्यावर आल्याची तक्रार आली. सेट बदलला, काही फरक पडला नाही. शेवटी मास्टवर चढून अँटेनाच्या तळाचा कनेक्टर उघडला, तर केबलच्या जाळीतून गढूळ पाण्याची धार माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत उतरली आणि मधली तांब्याची तार शेवाळासारखी हिरवी झालेली होती. टेप गुंडाळणारे आम्हीच होतो; वरून खाली गुंडाळली होती, म्हणून प्रत्येक फेऱ्याची कड पावसाकडे तोंड करून होती. ती खालून वर गुंडाळायची असते, कौले शाकारतो तशी, म्हणजे वरचा फेरा खालच्यावर चढतो आणि पाणी ओघळून जाते. वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस आणि खारा वारा असलेल्या प्रदेशात ही एवढीशी गोष्ट अर्धी शक्ती खाते. ॲनालॉगवर अशा वेळी खरखर वाढते आणि कोणीतरी तक्रार करतो. डिजिटल यंत्रणेत चूक-दुरुस्ती हे दुखणे महिनोन्‌महिने झाकून ठेवते आणि मग ऐन पावसात, पल्ल्याच्या कडेवर असलेली गावे एकदम गळतात. डिजिटल घ्याल तर मास्टवरच्या केबलचे आणि अँटेनाचे मोजमाप मे आणि ऑक्टोबर असे वर्षातून दोनदा लेखी नोंदवण्याची तरतूद ठेवा, वीज पडण्यापासून संरक्षण आणि योग्य भूयोजन (अर्थिंग) करून घ्या, आणि रिपीटरच्या बॅटऱ्या किमान दोन दिवस चालतील इतक्या घ्या. तौक्तेसारख्या दिवसांत टेकडीवर जनरेटरचे डिझेल चढवणे म्हणजे आडव्या पडलेल्या झाडांतून वाट काढणे असते.

फ्रिक्वेन्सीचा पट्टा बदलू नका, हेही इथेच सांगतो. व्हीएचएफची दोन मीटरची लहर डोंगराच्या कडेवरून थोडी वळते आणि ओल्या पानांतून तुलनेने कमी खर्च होऊन जाते. यूएचएफ इमारतींच्या आत चांगले शिरते. पणजी, मडगाव किंवा वास्कोत मुख्यतः इमारतींत काम करणाऱ्या दलाने यूएचएफचा विचार जरूर करावा. सत्तरीच्या जंगलासाठी मी व्हीएचएफ सोडणार नाही.

चाचणी कशी घ्यावी, ते आता सांगतो. ती पावसाळ्यात घ्या, एप्रिलमध्ये नको. पाने ओली असतील तेव्हाचा पल्ला हाच आपला खरा पल्ला. प्रथम नकाशावर वीस ठिकाणे निवडा : दहा जिथे रोज काम असते आणि दहा जिथे आज संपर्क तुटतो. प्रत्येक ठिकाणी हँडसेट कमरेला लावून, खांद्यावरच्या माइकने बोला, कारण प्रत्यक्षात जवान तसाच बोलतो. कमरेला लावलेल्या सेटच्या अँटेनाची बरीच शक्ती शरीर शोषून घेते, आणि पाच वॉटच्या हँडसेटकडून रिपीटरकडे जाणारा दुवा नेहमीच सर्वांत कच्चा असतो. पुरवठादार बहुधा उलट बाजू दाखवतो : पंचवीस-चाळीस वॉटच्या रिपीटरचा आवाज आपल्या हातातल्या सेटवर किती खणखणीत येतो ते. नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाने प्रत्येक ठिकाणाला एकच प्रश्न लावावा : एकदाही पुन्हा न विचारता कळले का?

दुसरी चाचणी बंबाशेजारी. पंप पूर्ण वेगात चालवा, जवानाने श्वसनयंत्राचा मुखवटा घालून पन्नास शब्दांची यादी वाचावी, आणि त्या यादीत केरी, बेतोडा, बेतूल, ‘हवा संपली’, ‘जिना कोसळला’ असे खरे शब्द असावेत. शंभर मीटरवर उभ्या असलेल्या दुसऱ्याने, जो यादी पाहिलेला नाही आणि शक्यतो त्या भागातला नाही, त्याने ऐकलेले लिहीत जावे. हे ॲनालॉगवर करा, डिजिटलवर करा, माइक तोंडासमोर, छातीवर आणि मुखवट्याला टेकवून करा. कागद समोर ठेवून बरोबर शब्द मोजा. या मोजणीने माझे स्वतःचे मत एकदा बदलले आहे : एका नव्या सेटने माइक छातीवर असताना माझ्या अंदाजापेक्षा पुष्कळ चांगली कामगिरी केली. तुमच्या मोजणीत डिजिटलचा थेट चॅनल ॲनालॉगच्या बरोबरीला आला, तर माझी वरची शिफारस बाजूला ठेवायला माझी हरकत नाही. तो आला नाही, तर मात्र कोणाच्याही आग्रहाला बळी पडू नका.

परवान्याचे आणि कराराचे काही मुद्दे. दूरसंचार विभागाच्या वायरलेस नियोजन शाखेकडचा आपला परवाना ॲनालॉग प्रक्षेपणासाठी असेल, तर फ्रिक्वेन्सी तीच ठेवूनही डिजिटलसाठी तो दुरुस्त करून घ्यावा लागतो. मास्टची जागा किंवा उंची बदलत असेल तर त्याची मंजुरी वेगळी. हे कागद खरेदीच्या आधी सुरू करा. ऑनलाइन मिळणारे ४४६ मेगाहर्ट्झचे विनापरवाना सेट अल्प शक्तीचे आणि सर्वांसाठी खुले असतात, ते या कामाचे नव्हेत. करारात सेटमध्ये भरायची संपूर्ण मांडणी, म्हणजे ज्याला तंत्रज्ञ ‘कोडप्लग’ म्हणतात ती फाइल, तिचे सॉफ्टवेअर आणि केबल आपल्या कार्यालयाच्या ताब्यात राहील असे स्पष्ट लिहून घ्या. डिजिटल सेटमध्ये कलर कोड (आपला रिपीटर ओळखण्याचा आकडा), कप्पा किंवा गटाचा क्रमांक यांपैकी एक आकडा चुकला तरी सेट चालू दिसतो आणि काहीही ऐकत नाही. अशा वेळी दुरुस्तीसाठी दुसऱ्या राज्यातून माणूस येण्याची वाट पाहणे परवडत नाही. डीएमआर खुले मानक असले तरी जागा कळवणे, सांकेतीकरण, एका रिपीटरवरून दुसऱ्यावर जाणे या सोयी प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने देते, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांचे सेट आपल्या समोर एकत्र चालवून दाखवायला सांगा. मुरगाव बंदराजवळच्या टाक्यांसारख्या ज्वलनशील ठिकाणी आपले पथक कधी बोलावले जात असेल, तर तेवढे काही सेट ठिणगीरोधक प्रमाणपत्राचे घ्या, आणि त्यांना बाजारातली साधी बॅटरी कधीही लावू नका, कारण ते प्रमाणपत्र बॅटरीसकटच्या सेटचे असते.

रकमेच्या वाटणीचा माझा क्रम असा राहील : मास्ट, केबल, अँटेना आणि बॅटऱ्या आधी, मग दोन्ही पद्धतींचा रिपीटर आणि गाड्यांचे सेट, मग हँडसेट, आणि पैसे कमी पडले तर चाळीसऐवजी तीस, पण प्रत्येकाला दुसरी बॅटरी आणि खांद्यावरचा चांगला माइक. रिपीटर मिश्र पद्धतीने कायमचा चालवू नये. एखादा ॲनालॉग सेट बोलला की दोन्ही कप्पे अडतात आणि डिजिटलचा फायदा हातचा जातो. सहा महिन्यांची मुदत ठरवून रिपीटर पूर्ण डिजिटल करावा.

आणि हँडसेट निवडताना वरचा चॅनलचा नॉब स्वतः फिरवून पाहा. काही सेटांत तो गोल गोल फिरत राहतो, काहींत शेवटच्या चॅनलवर अडून थांबतो. थांबणारा घ्या, आणि सगळ्याच्या सगळ्या सेटांत त्या शेवटच्या जागी ॲनालॉगचा थेट चॅनल ठेवा. त्याला दुसरे काहीही देऊ नका. धुरात पडदा दिसत नाही, जाड हातमोज्यातून आकडे चाचपता येत नाहीत, पण नॉब उजवीकडे अडेपर्यंत फिरवणे कोणालाही जमते. दर सोमवारी सकाळी हजेरीच्या वेळी जवानांना डोळे मिटून, हातमोजे घालून तो एकदा तिथपर्यंत फिरवायला लावा आणि प्रत्येकाने आपले नाव त्या चॅनलवर सांगावे.